शकीला, तू तीनदा बसलीस

शकीला, तुला घरातून नेलं तेव्हा मी तुझ्या अंगणात उभी होते. मोहल्ल्यातले पुरुष खांदा बदलत बदलत कोपऱ्यावरून वळले आणि आम्ही बायका मागे राहिलो. तुमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत, हे मला माहीत होतं. सगळा जन्म वणीत गेला माझा. तरी माझे पाय दोन पावलं पुढे गेलेच. तुझ्या जावेने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, बस, यहीं तक."

चार वर्षं दर रविवारी आपण दोघी बरोबर चाललो, आणि त्या दिवशी मला तुझ्यामागून कोपऱ्यापर्यंतही येता आलं नाही.

मी तिथे रडले नाही. बायकांना वाटलं, बत्तीस वर्षं दवाखान्यात काढलेली नर्स आहे, मरण पाहून पाहून घट्ट झाली असेल. तसं नव्हतं. मला भीती वाटत होती. कोणीतरी येऊन मला एक प्रश्न विचारेल आणि मला त्याचं उत्तर द्यावं लागेल, या भीतीने मी भिंतीला टेकून उभी होते. तो प्रश्न तिसऱ्या दिवशी आलाच. तुझ्या मुलीने, नाजियाने विचारला. पण त्याच्या आधीचं सगळं मला तुझ्याशी बोलायचं आहे, कारण ते तुझ्याशी बोलायचं राहून गेलं.

माझे ब्लाऊज तू वीस वर्षं शिवलेस, पण तोवर आपली ओळख मापापुरतीच होती. ड्युटीवरून परत येताना तुझ्या दुकानाच्या पायरीवर चप्पल काढायची, माप द्यायचं आणि निघायचं. मग मी रिटायर झाले. शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज पाऊण तास चाला. मी सकाळी शाळेच्या मैदानावर गोल गोल चालू लागले. एक दिवस तू तयार ब्लाऊज द्यायला तिथेच आलीस. फाटकाशी उभी राहून माझे चार फेरे पाहिलेस आणि म्हणालीस, "सिस्टर, काहून घाण्याच्या बैलावानी फिरून राह्यली? चालाचंच हाये त कुठी तरी जाऊ ना."

"कुठं जाणार?"

"कुठीबी. मी त घर आन् दुकान सोडून तीस वर्सात काही पाह्यलंच नाही."

'सिस्टर' म्हणायचीस आणि पहिल्या दिवसापासून 'तू'ही म्हणायचीस. दवाखान्यात मला तसं कोणी म्हटलं नव्हतं. मला ते आवडलं होतं, हेही मी तुला कधी सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी आपण निघालो. रशीदभाई गॅरेजमध्ये ट्रकच्या खाली झोपलेले होते. तुझी चप्पल दिसली म्हणून त्यांनी तिथूनच विचारलं, "किधर?" तू म्हणालीस, "पैदल." एवढ्या उत्तरावर तुझा नवरा समाधान मानतो, हे पाहून मला हसू आलं. निर्गुडा नदीच्या काठाने आपण त्या दिवशी जेमतेम तीन किलोमीटर गेलो असू. परत येताना तू ओढणीत रानबोरं बांधून आणलीस आणि दुपारभर गिऱ्हाइकांना वाटलीस.

मग ते वाढत गेलं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि आपला जिल्हा एकदम मोठा झाला. सकाळची गाडी धरायची, एखाद्या फाट्यावर उतरायचं, पुढच्या गावापर्यंत सहा-सात किलोमीटर चालायचं आणि तिथून दुसरी गाडी धरून घरी यायचं. अवघड असं काही नव्हतं त्यात. झरीकडच्या टेकड्या तरी काय, म्हशीच्या पाठीएवढ्या उंच. सागाच्या रानातून बैलगाडीची वाट, मध्ये एखादा नाला, पलीकडे कोलाम आदिवासींची छोटी वस्ती, म्हणजे पोड, पुन्हा कपाशी, पुन्हा रान. वाघाची बातमी असली की आपण आधी फाट्यावरच्या चहावाल्याला विचारायचो. तू असं विचारायचीस, जसं एखादं ऑफिस उघडं आहे का ते विचारावं. "भाऊ, आज कोणत्या बाजूनं हाये?" तो हात करून दाखवायचा आणि आपण दुसऱ्या बाजूने निघायचो.

लोकांना आपलं कोडं सुटायचं नाही. एक साडीवाली, एक बुरखा घडी करून पिशवीत ठेवलेली, दोघी साठीच्या आसपास, हातात फक्त पाण्याची बाटली. "सर्व्हेवाल्या हायत काय?" "बचत गटाच्या काय?" एका म्हातारीने विचारलं होतं, "पायी चालाचा नवस हाये काय व?" तू म्हणालीस, "नाही माय, हवा खाऊन राह्यलो." शेजारचा म्हातारा म्हणाला, "काहून, तुमच्या गावात हवा नाही?" तू म्हणालीस, "हाये बाबा, पण कोळशाची हाये." त्या दोघांनी आपल्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

इथूनच आपलं भांडण सुरू व्हायचं. तुला प्रत्येक गावात बसायचं असायचं. पारावर, कोणाच्या ओट्यावर, हातपंपाच्या कट्ट्यावर. बायका दिसल्या की तुझी नजर त्यांच्या खांद्यावर जायची. "काखेत ओढते ना हा? शिवणाऱ्यानं मुंढा चुकवला." आणि मग वितीने माप घेऊन तू त्यांना सांगायचीस की टेलरला काय म्हणायचं. पोडावरच्या त्या बाईला मराठी थोडंच येत होतं आणि तुला कोलामी अजिबात येत नव्हती. तिची बाही उसवलेली पाहून तू पर्समधून सुई काढलीस आणि ब्लाऊज अंगात असतानाच टाके घातलेस. ती हलली नाही, बोलली नाही. शेवटी तिने तुझ्या ओंजळीत चारोळ्या ओतल्या. मी तेव्हा काय करत होते, सांगू? मोबाइलमध्ये पावलं किती झाली ते पाहत होते. चार हजारांवर अडकली होती.

पैनगंगेच्या काठावर जाळं दुरुस्त करणारा तो भोई आठवतो? तू त्याच्याकडून गाठ शिकायला बसलीस ती तासभर उठलीच नाहीस. पलीकडचा काठ तेलंगणाचा आहे असं तो म्हणाला, तेव्हा तू विचारलंस, "मंग तिकडचे कुत्रे तेलुगूत भुंकतात काय?" तो गंभीरपणे म्हणाला, "नाही बाई, कुत्रे दोन्हीकडचे एकच. पोहून येतात." तू इतकी हसलीस की ओढणी पाण्यात पडली. मीही हसले, पण घड्याळाकडे पाहून.

"तुले पोचाचं राह्यते, सिस्टर," तू म्हणायचीस. "मले जाचं राह्यते."

मी म्हणायचे, असं मध्ये मध्ये बसलं तर शुगर उतरत नाही. तू म्हणायचीस, शुगरला काय घाई आहे. या वादाचा निकाल कधी लागला नाही. केळापूरला देवीच्या देवळाबाहेर तू फुलवालीच्या पाटावर बसून राहिलीस, मी दर्शनाच्या रांगेतल्या ओळखीच्या बाईशी दोन शब्द बोलून परत आले, तरी वाद तोच. एका गावात विहारात वंदना चालली होती म्हणून आपण मागे बसलो. बाहेर आल्यावर तू त्यातल्या एका ओळीचा अर्थ विचारलास. लहानपणापासून पाठ आहे मला, पण अर्थ धड सांगता आला नाही. तू म्हणालीस, "चाल, मलेबी आमच्या नमाजचं तसंच हाये." आणि पुन्हा, "बस ना थोडं."

एकाच ठिकाणी जायचं तू स्वतःहून मागितलंस. राजूरला. तुझा जन्म तिथला, वडील चुन्याच्या भट्टीवर कामाला होते. "माह्यं घर दाखवतो तुले. आता दुसरे लोक राह्यतात, पण अंगणातला कडुलिंब माह्या अब्बानं लावला हाये." वणीपासून राजूर ते काय दूर. मी म्हणाले, "तिथं काय पाह्यचं, धूळच धूळ. टेकड्या-रान सोडून तिकडं कायले?" तू पुन्हा विचारलंस, मी पुन्हा टाळलं. तिसऱ्यांदा तू विचारलं नाहीस. पैनगंगेच्या काठापर्यंत जाऊन आलेल्या आपण दोघी, हाकेच्या अंतरावरच्या तुझ्या गावाला गेलो नाही. धुळीचं कारण नव्हतं. राजूरला पावलं भरली नसती, एवढंच.

आता खिंडीचं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. कपाशीचा दुसरा वेचा चालू होता, तुरीला फुलं होती. आपण झरीच्या बाजूला एका फाट्यावर उतरलो. एक छोटी खिंड ओलांडली की खाली नदीकाठचं गाव, आणि तिथून चारची गाडी. चढ असा नव्हताच. कापसाची ओझी घेऊन बायका तिथून बोलत बोलत जात होत्या. तू मात्र पहिल्या वळणावर दगडावर बसलीस. मी म्हटलं, "आत्ताच?" तू म्हणालीस, "दोन मिनिटं."

दुसऱ्यांदा तू पळसाच्या खोडाला टेकून बसलीस. हाताचा तळवा जबड्याला लावला होतास. मी विचारलं, "काय झालं?"

"जबडा दुखून राह्यला. खालची दाढ असन."

"मंग दातवाल्याले दाखव. किती दिवस झाले?"

"झाले आठ-पंधरा दिवस. चाललं का दुखते, बसलं का राह्यते."

शकीला, हे वाक्य मी ऐकलं. चाललं की दुखतं, बसलं की थांबतं. थंडी एवढी होती की मी स्वेटर काढला नव्हता, आणि तुझ्या ओठावर घामाचे थेंब होते. तेही मी पाहिले. गावोगावच्या आशाताईंच्या ट्रेनिंगमध्ये मी स्वतः उभी राहून सांगत आले की बायकांचं हृदयाचं दुखणं छातीतच येईल असं नाही, जबड्यात येतं, पाठीत येतं, नुसता दम लागतो, घाम फुटतो, आणि बाई त्याला दाढ म्हणते, गॅस म्हणते, थकवा म्हणते. माझ्याच तोंडची वाक्यं. किती वर्षं सांगत होते कोण जाणे. त्या दिवशी माझ्या डोक्यात त्यातलं एकही आलं नाही. माझ्या डोक्यात चारची गाडी होती.

तिसऱ्यांदा तू खिंडीच्या माथ्यावर बसलीस. खाली नदी दिसत होती, गाव दिसत होतं. आणि थांब्याकडे जाणारी लाल गाडीही दिसत होती. आपण उतरून पोहोचेपर्यंत ती निघून जाणार, हे दोघींना कळलं. तेव्हा मी तुला बोलले. "तुह्यासंग चालणं म्हणजे लहान लेकरासंग चालणं हाये. येवढी जड झाली त घरीच बसत जा ना. कायले येतं मंग?"

तू माझ्याकडे पाहिलंस. नेहमी तुझ्याकडे उत्तर असायचं. त्या दिवशी तू फक्त म्हणालीस, "हो, चाल," आणि उठलीस. माझ्यापुढे चालत तो उतार उतरलीस, एकदाही न थांबता. मला वाटलं, बघा, बोललं की कशी चालते.

थांब्यावर आपण दीड तास बसलो. तू कोणत्याही बाईशी बोलली नाहीस, कोणाच्या ब्लाऊजकडे पाहिलं नाहीस. मी मोबाइल पाहत राहिले. साडेपाचला दुसरी गाडी आली. ती असते, हे मला आधीपासून माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात तू फोन केलास. "कुठी जाचं या रविवारी?" मी म्हणाले, गुडघे दुखतात, थोडे दिवस राहू दे. गुडघ्यांना काही झालं नव्हतं. आमच्या कॉलनीतल्या रिटायर झालेल्या बायकांचा एक ग्रुप आहे, त्या पहाटे हायवेच्या कडेने भराभर चालतात, कोणी बसत नाही. मी त्यांच्यात जायला लागले होते. त्यातल्या एकीने फोटो काढला, मी तो हौसेने स्टेटसला ठेवला. संध्याकाळी कोणी कोणी पाहिला त्या यादीत तुझं नाव होतं. तू अंगठा पाठवला होतास. बाकी काही नाही.

मी तेव्हाच फोन करायला हवा होता. खोटं पकडलं गेल्यावर माणूस शरमतो, आणि शरम वाटली की ज्याच्याशी खोटं बोललो त्याच्यावरच राग धरतो. मी तुझ्यावर राग धरला. तीन महिने. दुकानासमोरून जायचं झालं तर पलीकडच्या बाजूने जायचे. एकदा तू मशीनवरून मान वर केलीस आणि हात केलास. मीही हात केला. थांबले नाही.

मग तुझा तो आवाजी मेसेज आला. मी तो पुसलेला नाही. "सिस्टर, पळस फुलला व. निर्गुडेच्या काठानं सपाट रस्ता हाये, तिकडून जाऊ. मी बसणार नाही, कसम से. तू म्हणशीन तसं चालीन." तू बोलताना मध्ये श्वास घेतेस ते त्यात ऐकू येतं. दोन वाक्यांत तीनदा. त्या दिवशीही मी ते ऐकलं, आणि मला वाटलं, मशीनवरून उठून बोलते आहे. मी लिहिलं, "पुढच्या रविवारी पाहू." तू लिहिलंस, "ठीक."

तो पुढचा रविवार आलाच नाही. गुरुवारी सकाळी तू दुकानात कापड बेतत होतीस. शेजारच्या बांगडीवालीला म्हणालीस, जरा पाणी दे. ती पाणी घेऊन येईपर्यंत तू टेबलावर मान ठेवली होतीस. रशीदभाईंनी दुरुस्तीला आलेल्या कोणाच्या तरी जीपमध्ये तुला टाकून दवाखान्यात नेलं. तिथल्या पोरीने, माझ्याच हाताखाली शिकलेल्या, मला फोन केला. "मॅडम, तुमच्या त्या चालणाऱ्या मैत्रीण..."

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा तुझ्या घरी गेले. नाजियाने मला आतल्या खोलीत बोलावलं. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज सरळ होता. औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहून लोकांशी बोलते ना, तसा. म्हणाली, "मावशी, अम्मी तुमच्यासंग फिरायची. तेव्हा तिले कधी काही होत होतं काय? छातीत, दमात? तुम्ही त सिस्टर हायत, तुम्हाले दिसलं असतं."

मी म्हणाले, "नाही बेटा. कधीच नाही."

इतकं पटकन. विचार न करता. तिने मान हलवली आणि मला पाणी दिलं. मी ते प्यायले. तुझ्या घरात बसून, तुझ्या मुलीला खोटं सांगून, तिच्या हातचं पाणी प्यायले.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल तुला काय सांगू. मी हायवेवरच्या ग्रुपमध्ये जाणं सोडलं. एक दिवस एकटीच एसटीत बसून झरीकडे गेले, त्या फाट्यावर उतरले, आणि उतरल्यावर खिंडीकडे जायचं धैर्य झालं नाही. फाट्यावरच्या बाकावर बसले आणि तीच गाडी परत आली तेव्हा तिच्यात चढले. राजूरलाही जाऊन आले. तुझं घर कुठलं ते मी कधी विचारूनच घेतलं नव्हतं. चुनाभट्टीच्या बाजूला चार अंगणांत कडुलिंब होते. एका दारात बाई उभी होती. तिने विचारलं, "कोणाले शोधून राह्यल्या?" मी म्हणाले, "कोणाले नाही," आणि परत फिरले. तू बरोबर असतीस तर तिच्या ओट्यावर तासभर बसली असतीस.

तुझा चाळिसावा दिवस झाला आणि मग मी नाजियाकडे गेले. दुपारची वेळ निवडली, कारण रशीदभाई गॅरेजवर असतात. नाजिया तुझ्या दुकानातून आणलेले, कोणी न्यायला न आलेले ब्लाऊज काढून बसली होती. चिठ्ठ्यांवरची तुझ्या अक्षरातली नावं वाचून फोन लावत होती. मी दारातच म्हणाले, "नाजिया, मी तुले खोटं सांगतलं."

ती थांबली. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. तीन वेळा बसणं. जबडा. ओठावरचा घाम. चाललं की दुखतं हे तुझं वाक्य. आणि मी काय बोलले, तेही तसंच्या तसं. गुडघ्यांचं खोटं आणि हायवेचा फोटोसुद्धा.

माझं संपल्यावर तिने हातातला ब्लाऊज घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "गोळ्या मीच आणून देत होती तिले. दाढेच्या. आठवड्याले एक पत्ता."

तिने पुढची चिठ्ठी उचलली, पण वाचली नाही.

"दुकानातल्या सरांनी एकदा म्हटलं, इतक्या गोळ्या कोणाले लागतात? मी म्हटलं, अम्मीची दाढ हाये." तिने चिठ्ठी खाली ठेवली. "पण मी गोळ्या विकते, मावशी. तुम्ही सिस्टर होत्या."

"हो."

"तुम्हाले समजाले पायजे होतं."

"हो," मी म्हणाले.

घरून निघताना मी खूप काही ठरवून गेले होते. बायकांमध्ये ही लक्षणं फसवी असतात, मोठमोठ्या डॉक्टरांनाही चकवतात, तू स्वतः लपवत होतीस, असं बरंच. त्यातलं एकही वाक्य मी काढलं नाही. तुझ्या बाबतीत एवढी एक गोष्ट मी नीट केली, आणि तीही फार उशिरा.

आम्ही तशाच बसलो असताना रशीदभाई आले. कशाला आले होते कोण जाणे, एखादा पाना राहिला असेल. हात ऑइलने काळे होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, शकीला. दारातच उकिडवे बसले आणि म्हणाले, "सिस्टर, अच्छा हुआ आल्या. मी नाजियाले सांगत असतो. शादी होऊन आली तेव्हापासून ती घर आन् दुकान, दुकान आन् घर. मी कुठी घेऊन गेलो नाही तिले. मले गाड्याच सुटत नव्हत्या. तुमच्यामुळं तिनं जिल्हा पाह्यला. रविवारी घरी आली का तासभर सांगत राहे. कोणता नाला, कोणती बाई, काय खाल्लं. त्या चार वर्सात ती जितकी हसली ना, तितकी माह्यासंग तीस वर्सात हसली नसन. तुमचे लई उपकार हायत."

मी नाजियाकडे पाहिलं. तिने आता सांगायचं होतं. तिचा हक्क होता, आणि मी तयार होते. रशीदभाईंनी मला त्या दारातून उठून जायला सांगितलं असतं तर मी गेले असते.

नाजिया माझ्याकडे पाहत होती. मग तिने वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाली, "अब्बा, हात धुऊन या. चहा ठेवते."

ती वडिलांचं दुःख वाढू नये म्हणून गप्प राहिली की माझ्यासाठी, हे मला अजून कळलेलं नाही. माझ्यासाठी नसावं. आम्ही तिघांनी चहा घेतला. म्हणजे मी आणि रशीदभाईंनी घेतला, तिने कप हातात धरून ठेवला. रशीदभाईंनी मला ती भोयाची आणि कुत्र्यांची गोष्ट पुन्हा सांगायला लावली. मी सांगितली. ते डोळे पुसत हसले.

निघताना नाजिया फाटकापर्यंत आली. मी चप्पल घालत होते. ती म्हणाली, "मावशी, रविवारी येत जा. अब्बाले बरं वाटते, तुम्ही अम्मीचं बोलता तं."

"येईन," मी म्हणाले. "आन् तुले?"

तिने फाटकाची कडी लावली, पुन्हा काढली. तुझ्यासारखी नाही ती, तोलून बोलते. मग म्हणाली, "मले अजून वेळ लागन."

काल रविवार होता, शकीला. मी जाऊन आले. चौथी वेळ. रशीदभाईंना मी कोलाम पोडावरच्या बाईचं सांगितलं, टाके आणि चारोळ्या. नाजिया चहा ठेवून आत गेली. आतल्या खोलीतून मशीन चालल्याचा आवाज येत होता, कोणाचा तरी राहिलेला ब्लाऊज ती पुरा करत होती. मी निघाले तेव्हा तो आवाज थांबला नाही. मी बाहेरूनच म्हणाले, "येतो, बेटा." मशीन क्षणभर हळू झालं आणि पुन्हा चालू लागलं. पुढच्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे.